गाडीचे गुडघे

एखादी मोटारगाडी विकत घ्यायची म्हटली म्हणजे लोक तिचे काय काय पाहतात? रंग पाहतात, इंजिनाचा आवाज ऐकतात, बैठकीवर बसून पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. कोणी फार चौकस असला, तर टायरांवरच्या खाचा किती उरल्या आहेत तेही पाहतो. परंतु गाडीसमोर ओणवे होऊन, मान वाकडी करून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला डोकावणारा माणूस हजारांत एखादाच. आणि खरी गोष्ट अशी, की त्या अंधाऱ्या, चिखलाने माखलेल्या जागेत जे लहानमोठे भाग निमूटपणे बसलेले असतात, त्यांच्यावरच गाडीचा भार आणि चालकाचा जीव असे दोन्ही अवलंबून असतात. इंजिन बंद पडले, तर गाडी रस्त्यात उभी राहील, इतकेच. पण पुढच्या चाकांचा आधार सुटला, तर गाडी कुठे जाईल ते कोणालाच सांगता यायचे नाही.

तुम्ही पायरीवरून उडी मारता तेव्हा काय होते, याचा कधी विचार केला आहे काय? पाय जमिनीला लागताच आपले गुडघे आपोआप वाकतात आणि क्षणात पुन्हा ताठ होतात. ही क्रिया इतकी सहज घडते, की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. गुडघे वाकलेच नसते, तर टाचेला बसलेला धक्का थेट डोक्यापर्यंत पोहोचला असता. गुडघा तो धक्का नाहीसा करीत नाही. तो त्याचा जोर वाकण्यात खर्च करतो आणि शरीराला पेलेल एवढाच अंश वर पाठवतो. गाडीच्या चाकांपाशी असलेली रचना नेमके हेच काम करते. मागच्या चाकांनाही ती असते. परंतु पुढच्या चाकांचे काम दुहेरी आहे. त्यांना भार तर वाहायचाच असतो, शिवाय वळायचेही असते. त्यातच ब्रेक लावला, की गाडीचा तोल पुढे झुकतो आणि त्यांच्यावरचा भार आणखी वाढतो. म्हणूनच मी या रचनेला गाडीचे गुडघे म्हणतो.

जुन्या बैलगाडीला असे गुडघे नव्हते. लोखंडी आख, लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे आणि वरून चढवलेली लोखंडी धाव, हे सारे एकमेकांशी ताठ जखडलेले असे. चाक दगडावरून गेले, की गाडीत बसलेला माणूसही तेवढाच वर उडायचा. बैलांच्या संथ चालीत हे चालून जाई. पण वेग वाढला, की असे धक्के माणसाला सोसवत नाहीत आणि लाकडालाही सोसवत नाहीत. युरोपात घोड्यांच्या गाड्यांची बैठक पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेली असे. पुढे पोलादी पट्ट्यांचा उपयोग वाढला. १८०४ साली लंडनमधील ओबदाया इलियट या गाड्या बनवणाऱ्या कारागिराने लंबवर्तुळाच्या आकाराच्या पोलादी पाट्यांचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून गाड्या हलक्या व सुखकर होत गेल्या. आपल्याकडच्या टांग्यांनाही असेच पाटे असत. टांग्यात बसणाऱ्याला जो झुलता हेलकावा जाणवे, तो या पाट्यांचाच.

हा पाटा म्हणजे वस्तुतः पोलादाची किंचित वाकवलेली पट्टी. लांब पट्टीखाली तिच्याहून आखूड पट्टी, तिच्याखाली आणखी आखूड, अशा अनेक पट्ट्या एकीवर एक बसवून मध्यभागी एका बोल्टने जोडतात, आणि इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनी तो सगळा जुडगा पुढच्या आखावर आवळतात. सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. त्यांतील एक टोक गाडीच्या सांगाड्याला खिळवलेले असते, तर दुसरे एका झुलत्या दुव्याला अडकवलेले असते. या दुव्याला शॅकल म्हणतात. भार पडून पाटा सरळ होऊ लागला, म्हणजे त्याची लांबी थोडी वाढते. ती वाढ सामावून घेण्यासाठी एक टोक झुलते ठेवावे लागते. दोन्ही टोके घट्ट खिळवली असती, तर पाट्याला वाकताच आले नसते.

अशा लवचिक वस्तूंचा एक साधा नियम आहे. जितका भार द्यावा, तितक्या प्रमाणात त्या दबतात. भार दुप्पट केला, तर दबणेही दुप्पट होते. अर्थात, त्यांच्या शक्तीच्या मर्यादेपर्यंतच. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने हा नियम शोधला. आपल्या आधी कोणी तो आपलाच म्हणून सांगू नये, यासाठी त्याने १६७६ साली तो अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ साली ते कोडे उलगडून दाखवले. आमच्या गावाकडच्या वस्तादांनी हूकचे नाव ऐकले असेल की नाही, शंका आहे. परंतु उभ्या गाडीचे पाटे किती दबले आहेत, ते नुसते पाहून आत किती पोती भरली असतील, याचा अंदाज ते अचूक सांगतात. नियम तोच, एकाने तो कागदावर मांडला, दुसऱ्याने डोळ्यांत साठवला.

या वस्तादांची आणि माझी ओळख झाली, ती आमच्या दादाच्या गाडीमुळे. जुन्नर तालुक्यात ओतूरच्या बाजूला आमचे गाव आहे. दादा शेती पाहतो आणि भाजीपाला वाहण्यासाठी एक जुनी गाडी बाळगतो. पुढे दोघातिघांना बसण्याची जागा, मागे माल भरण्यासाठी उघडा हौदा. लोक अशा गाडीला ‘पिकअप’ म्हणतात. तिचे वय वीस वर्षांहून अधिक आहे. रात्री शेतातला माल भरायचा, माळशेज घाट उतरायचा, टोकावडे आणि मुरबाड मागे टाकून पहाटेच्या आत कल्याणचा बाजार गाठायचा, हा तिचा नेम. उजाडल्यावर पोहोचलेल्या टोमॅटोला पहाटेचा भाव मिळत नाही; म्हणून घाट रात्रीच उतरावा लागतो. दादा घरातून निघाला, की आई अंथरुणावर पडते खरी, पण झोपत नाही. पहाटे त्याचा ‘पोहोचलो’ असा निरोप आला, म्हणजे मगच तिचा डोळा लागतो. माळशेजचा पाऊस, तिथले धुके आणि तिथली वळणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना आईच्या त्या जागरणाचा अर्थ निराळा सांगायला नको.

एकदा दादाचा हात दुखावला होता. म्हणून शेजारच्या एका तरुण चालकाने त्याची फेरी केली. सकाळी गाडी अंगणात उभी करून तो खाली उतरला, तोच म्हणाला, “दादा, ही गाडी तुम्ही चालवता तरी कशी? ब्रेक लावला की ती डावीकडे ओढते. खड्ड्यातून गेले की चाके लटपटू लागतात, ती वेग कमी करीपर्यंत थांबत नाहीत. सबंध घाट मी जीव मुठीत धरून उतरलो.”

दादाला नवल वाटले. त्याला यांतले काहीच जाणवत नव्हते! तो खोटे बोलत होता असे नव्हे. गाडी वर्षानुवर्षे तिळातिळाने झिजत गेली होती आणि तिच्या झिजेबरोबर दादाचे हातही बदलत गेले होते. ती डावीकडे ओढू लागली, तसे त्याचे हात नकळत चाक उजवीकडे धरू लागले. ती खड्ड्यात लटपटू लागली, तसा त्याचा पाय खड्ड्याआधीच वेग कमी करू लागला. गाडीतला दोष त्याने आपल्या सवयीने झाकून टाकला होता. दोष एकदम आला, तर आपण दचकतो; तो पावलापावलाने आला, तर आपण त्याला वाट करून देतो. कुशल माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. कारण त्याचे कौशल्यच दोषावर पांघरूण घालते. अशा वेळी परक्याचा हात उपयोगी पडतो. त्या तरुणाला सवय नव्हती. म्हणूनच त्याला सत्य कळले.

घरात दोन मते पडली. काही जण म्हणाले, “इतकी जुनी गाडी, हिच्यावर खर्च तरी किती करायचा? भंगारात द्यावी आणि कर्ज काढून नवी घ्यावी.” आई म्हणाली, “नवी घ्या की जुनी ठेवा, पण आता आहे या स्थितीत ती घाटात जाणार नाही.” दादाने आईचे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू चालवत तो हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात घेऊन गेला. सुटीत मी गावी आलो होतो, म्हणून मीही बरोबर गेलो. पुढचे दोन दिवस मी तिथल्या एका लाकडी खोक्यावर बसून जे पाहिले, ते एखाद्या चांगल्या शाळेत घालवलेल्या दोन दिवसांहून कमी नव्हते.

वस्तादांनी प्रथम पाना हातात घेतला नाही. त्यांनी दादाची विचारपूस केली, चहा मागवला आणि मग गाडीभोवती एक फेरी घातली. पुढच्या टायरांवरून त्यांनी हात फिरवला. एका कडेला रबर अधिक झिजले होते. “टायर खोटे बोलत नाही,” ते म्हणाले. “चाक सरळ उभे नसले, तर झीज एकीकडेच होते.” मग त्यांनी गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी जोराने खाली दाबून सोडून दिला. चांगली गाडी एकदा वर येते आणि स्थिरावते. आमची गाडी मात्र पाण्यावरच्या नावेसारखी कितीतरी वेळ डुलत राहिली. पाट्याच्या बाजूला जी तेलाने भरलेली नळकांडी असते, ती निकामी झाल्याची ही खूण. लोक तिला ‘शॉकअप’ म्हणतात. पाटा धक्का झेलतो खरा, पण झेलल्यानंतर त्याला हेलकावे घेण्याची खोड असते. नळकांडीतला दट्ट्या तेलातून बारीक छिद्रांवाटे वाट काढत सरकतो आणि त्या हेलकाव्यांना आवर घालतो. आमच्या गाडीच्या नळकांड्यांमधले तेल केव्हाच गळून गेले होते.

मग मागच्या चाकांना दगडांची अटक लावून त्यांनी पुढचा आख जॅकने उचलला. पण नुसत्या जॅकवर विसंबून ते गाडीखाली शिरले नाहीत. आखाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावल्या, गाडी हलवून त्या पक्क्या बसल्याची खात्री केली आणि मगच ते आत सरकले. “जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही,” असे त्यांनी हाताखालच्या तरुणाला माझ्यादेखत दोनदा बजावले.

यानंतरची परीक्षा मला फार आवडली. वस्तादांनी अधांतरी चाक वरून आणि खालून धरले व आतबाहेर हलवले. ‘खट् खट्’ असा आवाज आला. लगेच त्यांनी तरुणाला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. आवाज तसाच होता. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा नाहीसा झाला असता, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असता. तो राहिला, त्या अर्थी दोष आणखी आत, किंगपिनमध्ये होता. किंगपिन म्हणजे करंगळी-अंगठ्याच्या पकडीत जेमतेम मावेल एवढी जाड पोलादी दांडी. दार जसे बिजागरीच्या खिळ्यावर फिरते, तसे पुढचे चाक वळताना या दांडीभोवती फिरते. मग त्यांनी चाक डावीकडून आणि उजवीकडून धरून हलवले. या वेळी दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचे टोक आपल्या खोबणीत हलताना दिसले. त्या टोकाला गोळा आणि वाटी असा सांधा असतो. आपल्या खुब्याला असतो, अगदी तसाच. शेवटी पाट्यांच्या टोकांत पहार घालून त्यांनी ती उचकून पाहिली. आतले रबरी बुश पिचून त्यांचा भुगा झाला होता. ज्याला शोधायचे कसे ते माहीत आहे, त्याला रोग पाव तासात सापडतो. ज्याला ते माहीत नाही, तो सगळी गाडी खोलूनही अंधारातच राहतो.

दोन्ही पाटे खाली उतरवले तेव्हा मात्र सगळेच गप्प झाले. डाव्या जुडग्यातली पट्टी न् पट्टी वस्तादांनी निराळी केली, ताराच्या ब्रशने घासली आणि सर्वांत वरची, मुख्य पट्टी उजेडाकडे धरली. मधल्या बोल्टच्या भोकाजवळून एक बारीक चीर अर्ध्याहून अधिक रुंदीपर्यंत गेली होती. जुडगा आवळलेला असताना ती कोणालाही दिसणे शक्य नव्हते. वस्तादांनी पट्टी शिकंजात धरून घणाचा एकच ठोका घातला आणि तिचे दोन तुकडे झाले. तुटलेल्या कडेचा मोठा भाग गंजून काळपट पडला होता. उरलेला थोडा भाग मात्र नव्या रुपयासारखा चकाकत होता. “काळे ते पूर्वीच तुटलेले,” ते म्हणाले. “गाडी आजवर उभी होती ती या चकाकत्या भागावर.” दादाने तो तुकडा हातात घेतला. किती वेळ तो त्याच्याकडे नुसता पाहत राहिला! घाटातल्या उतारावर ती पट्टी तुटली असती, तर एका बाजूचा आख जागचा सरकला असता आणि चाकाने भलतीच दिशा धरली असती. हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

पोलाद असे का तुटते? ते एका मोठ्या धक्क्याने तुटते असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा ते लाखो लहान धक्क्यांनी थकून तुटते. एखादी तार आपण हातांनी पुन्हा पुन्हा वाकवली, तर ती शेवटी अगदी सहज तुटते, तसेच हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील ऑगस्ट वोलर या अभियंत्याने आगगाडीच्या आखांवर दीर्घकाळ प्रयोग करून या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. एकदा घातला असता सहज पेलणारा भार पुन्हा पुन्हा घालत गेले तर पोलादात चीर पडू शकते, हे त्याने दाखवून दिले. धातूलाही थकवा येतो. फरक इतकाच, की थकलेला माणूस बोलून दाखवतो. धातू शेवटच्या क्षणापर्यंत काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी जोडणीचे काम सुरू झाले. उजवी किंगपिन सहज निघाली. डावी काही केल्या हलेना. तिला अडकवणारी पाचर काढली, घासलेट सोडले, पितळी दांडी टेकवून घण घातले, तरी ती आपली जागा सोडीना. शेवटी वस्तादांनी भोवतालचे लोखंड ज्योतीने तापवले. तापून ते तीळभर पसरले आणि पुढच्या चार घणांत दांडी खाली आली. तिच्यावरून मी नख फिरवले, तर झिजलेल्या जागी स्पष्ट पायरी लागली. पाहायला गेले तर ती झीज कागदाच्या काही पदरांएवढीच. पण चाकाच्या कडेपर्यंत पोहोचताना तिचा केवढा हेलकावा होत होता!

नवे पितळी बुश बसवताना वस्तादांनी एक गोष्ट तीन वेळा तपासली. बुशला एक बारीक भोक असते आणि बाहेरून वंगण भरण्याच्या तोटीसमोर ते बरोबर यावे लागते. “हे भोक चुकले,” ते म्हणाले, “तर वरून कितीही ग्रीस भरा, आत थेंबभरही पोहोचणार नाही. बाहेरून सगळे नवे दिसेल आणि आतून कोरडे राहील.” मग त्यांनी बुशचे आतले तोंड धारदार हत्याराने अंशाअंशाने कोरले. दर दोन फेऱ्यांनी किंगपिन घालून पाहायची, काढायची, पुन्हा कोरायचे. सैल नको आणि घट्टही नको. बोटाच्या दाबाने सरकावी, पण हलवून हलू नये. एवढ्या राकट हातांना इतके नाजूक काम करताना पाहून मला विणकाम करणाऱ्या आजीची आठवण झाली.

डावा पाटा मोडला होता, उजवा धड दिसत होता. तरीही वस्तादांनी दोन्ही बाजूंचे पाटे नवे घातले. शॉकअपही दोन्ही बाजूंना नवे. दादाने कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, “एक बैल नवा आणि एक म्हातारा जुंपला, तर गाडी सरळ जाईल का?” यू-बोल्टही त्यांनी जुने वापरले नाहीत, एकदा पूर्ण ताणाने आवळलेला बोल्ट पुन्हा तेवढा भरवशाचा राहत नाही. त्यांची नटे मात्र एकदम आवळली नाहीत. एक थोडे, मग कर्णासमोरचे थोडे, असे करीत चारही नटांवर ताण सारखा वाटून दिला.

सर्व भाग जागेवर बसले. आता काम संपले असे मला वाटले. पण पाट्यांच्या टोकांचे बोल्ट अजून ढिलेच होते. वस्तादांनी गाडी घोड्यांवरून खाली घेतली, तिचा भार चाकांवर येऊ दिला, तिला दोनचार वेळा खालीवर डुलवले आणि मगच ते बोल्ट पक्के केले. गाडी अधांतरी असतानाच ते आवळले असते, तर रबरी बुश त्याच स्थितीत जखडले असते आणि भार येताच कायमचे पिळलेले राहून लवकर फाटले असते. म्हणजे ज्याला भार वाहायचा आहे, त्याला भाराखालीच आपली जागा पक्की करू द्यावी लागते. शेवटी खडूने टायरांवर खुणा करून त्यांनी पुढच्या दोन चाकांमधले अंतर आधी पुढच्या बाजूला व मग मागच्या बाजूला मोजले आणि पुढचे अंतर किंचित कमी ठेवले. धावताना रस्ता चाकांना थोडे बाहेर ढकलतो. आधीच ती तेवढी आत वळवून ठेवली, म्हणजे चालताना सरळ होतात.

दादाने गाडी रस्त्यावर आणली, तेव्हा मोठी मौज झाली. गाडी सरळ जात होती आणि दादाच तिला उजवीकडे ओढत होता! जुन्या दोषाची सवय त्याच्या हातांतून जायला पुरता आठवडा लागला. वस्तादांनी काही दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला बोलावले, त्याप्रमाणे तो जाऊन आला. सर्व खर्चाची बेरीज केली, तेव्हा ती नव्या गाडीच्या किमतीपुढे अगदीच किरकोळ निघाली. ज्या रात्री गाडी पुन्हा घाटाकडे निघाली, त्या रात्रीही आई जागीच राहिली. तिची सवय काही पाट्यांबरोबर बदलण्यासारखी नव्हती. पण पहाटे निरोप आला तेव्हा दादा आपण होऊन म्हणाला, “आई, आज घाट कधी उतरलो ते कळले नाही.”

मोडक्या पाट्याचे तुकडे वस्तादांनी भंगारात टाकले नाहीत. गावातला लोहार ते मागून घेऊन गेला. पाट्याचे पोलाद चिवट असते. तापवून, ठोकून, पाणी देऊन त्याचे उत्तम कोयते आणि कुऱ्हाडी होतात. खेडोपाडीच्या कितीतरी घरांत असे कोयते आहेत. एके काळी ते कोणत्या ना कोणत्या गाडीचा भार वाहत रस्त्यारस्त्याने हिंडले आहेत, हे ते वापरणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

त्या दोन दिवसांनी मला एक नवी दृष्टी दिली. बुश, पिन, रबर, पाटा, हे सारे झिजण्यासाठीच घातलेले भाग आहेत. ते झिजतात, म्हणून गाडीचा सांगाडा शाबूत राहतो. चार पैशांचे रबर स्वतः पिचते आणि लाखाच्या गाडीला तडा जाऊ देत नाही. म्हणून झिजणे हा त्यांचा दोष नव्हे. ती त्यांची सेवा आहे. पण त्या सेवेला मर्यादा असते, आणि ती मर्यादा ओळखण्याचे काम ज्याची सेवा होते त्याचे असते. आपल्या घरातही असे भार झेलणारे कोणीतरी असते. ते तक्रार करीत नाही, म्हणून त्याला काही होत नाही असे आपण समजतो. अधूनमधून थांबून, जरा ओणवे होऊन त्यांच्याकडे पाहावे. जिथे कोरडे पडले असेल तिथे वंगण घालावे, आणि जिथे भार फार झाला असेल तिथे आपला खांदा द्यावा. रस्ता आपल्याला गुळगुळीत वाटत असेल, तर तो खरोखरच गुळगुळीत असतो असे नाही; पुष्कळदा त्यावरचे खड्डे आपल्याआधी दुसऱ्या कोणीतरी झेललेले असतात.